मागच्या बोळाकडची तोटी

मी पितळेची एक तोटी बोलतेय. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत सहा बिऱ्हाडांची एक चाळ आहे. तिच्या मागच्या बोळात गेलात तर भिंतीतून बाहेर आलेली, कमरेएवढ्या उंचीवरची, काळवंडलेली तोटी दिसेल. तीच मी. आधी मी इथे नव्हते. पुढच्या अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. तिथून इथे कशी आले ते सांगते.

माझा जन्म मुंबईच्या एका ओतशाळेत झाला. माझ्यासारख्या चाळीस जणी एकाच दिवशी वाळूच्या साच्यात ओतल्या गेल्या. कानशीने आम्हाला घासलं, आटे पाडले, गवतात गुंडाळून खोक्यात भरलं. रेल्वेने चाळीसगाव, तिथून गाडी बदलून धुळे. हे साल १९०९.

मला जीवरामने विकत घेतलं. जीवरामच्या बैलगाड्या होत्या. दोंडाईचा, नरडाण्याकडचा कापूस तो सरकी काढायच्या जिनात आणून टाकायचा. त्या कमाईतून त्याने ही चाळ बांधली. तीन खोल्या इकडे, तीन तिकडे, मध्ये अंगण, अंगणात विहीर आणि मागे दोन संडास. खोल्या त्याने बायकोच्या, धुरपदाबाईच्या नावावर केल्या. विहीर त्याने स्वतः उभं राहून खणून घेतली होती. पाणी लागलं त्या दिवशी गल्लीत गूळ वाटला होता म्हणे. तरीही तलावाच्या पाण्याचा नळ घरात यायला हवा, असा त्याचा हट्ट. आमच्या भागात घरात नळ घेणारा तो पहिलाच. माझ्याभोवती त्याने लाकडी पेटी बसवली, पेटीला कुलूप लावलं आणि पाहुणे आले की कुलूप उघडून मला दाखवायचा.

पाणी सकाळी तासभर यायचं. आधी नुसती हवा, मग दोन शिंतोडे, मग धार. माझ्यासमोर हंडे-कळशांची रांग लागायची. हंडा ठेवून बाई घरात पोळ्या करायला जायची आणि तिच्या हंड्याला कुणी इंचभर सरकवलं तर आतूनच तिला कळायचं. कसं, ते मला अजून समजलेलं नाही. दिवसभर एकमेकींची पोरं सांभाळणाऱ्या बाया सकाळच्या त्या तासात एकमेकींना ओळख देत नसत.

तास संपला की मी कोरडी. मग दिवसभराला विहीर. तिचं पाणी गोड, डाळ लवकर शिजायची. त्यामुळे माझं पाणी फुशारकीला आणि विहिरीचं पोटाला, असं पुष्कळ वर्षं चाललं.

१९१८ साली मानमोडीचा ताप आला. त्यात जीवराम चार दिवसांत गेला. धुरपदाबाई तेव्हा तिशीची, पदरी मूल नाही. जीवरामचा धाकटा भाऊ भाईदास पारोळ्याला दुकान चालवायचा. तो तेराव्याला आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही. बिऱ्हाडं काढा, इथे कापसाचं गोदाम होईल. तुम्ही पारोळ्याला या."

धुरपदाबाई म्हणाली, "बघते."

तिची बोली अर्धी अहिराणी आणि अर्धी शहरी. रागावली की सगळी अहिराणी.

त्याच महिन्यात माझ्या पोटातली चामड्याची चकती झिजली. पाण्याच्या तासात मला कितीही आवळलं तरी मी ठिबकत राहायची. धुरपदाबाईने नळवाल्याला निरोप पाठवला. तो आठ दिवसांनी आला, मला खोललं, दोन मिनिटांत चकती बदलली आणि जाताना भाईदासचा पत्ता विचारू लागला. "पैशांचं घरातल्या पुरुषमाणसाशी बोलतो," म्हणाला.  पण तो काम करत असताना धुरपदाबाई त्याच्या हातांकडे बघत होती, हे मी पाहिलं होतं.

पुढच्या वेळी तिने बाजारातून स्वतः पाना आणला. जुन्या चपलेच्या चामड्याची चकती कापली. पदर खोचला आणि मला खोललं. फक्त मागची, पाणी अडवायची चावी बंद करायची विसरली. पाण्याचा असा फवारा उडाला की ती कपाळापासून पायापर्यंत भिजली. ओसरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिने एका हाताने माझं तोंड दाबून धरलं आणि ओरडली, "हसा मंग! आधी ती चावी बंद करा कोनी!"

त्यानंतर तिने कधी नळवाला बोलावला नाही. आट्यांवर सुतळी गुंडाळून गळती थांबवायचा सफेदा कसा लावायचा, गळका पत्रा डांबराने कसा बुजवायचा, कोणत्या खोलीचे वासे वाळवीने खाल्लेत, हे ती शिकत गेली. पावसाळ्याआधी ती शिडी लावून स्वतः छपरावर चढायची. गल्लीतले लोक आधी नावं ठेवायचे. मग आपल्या घरचा नळ ठिबकला की हळूच तिलाच विचारायला यायचे.

१९२६ साली चौथ्या खोलीत झुलाल राहायला आला. तो कापडगिरणीत फिटर होता. उंच, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको झुंबरबाई मात्र हजरजबाबी. रांगेत तिच्याशी कुणी वाद घालत नसे. वर्षभराने त्यांना मुलगी झाली. आधीची दोन मुलं राहिली नव्हती, म्हणून हिचं नाव ठगी ठेवलं. नाव वाईट ठेवलं की देवाची नजर जात नाही, असं झुंबरबाईच्या आईचं म्हणणं. ठगी चालायला लागली तशी माझ्याकडे यायची. माझ्या तोंडाला अंगठा लावून धार उडवायची आणि रांगेतल्या बायांना भिजवून पळायची. तिच्यावर कुणी रागावलेलं मला आठवत नाही.

चाळीत रोज येणारी आणखी एक बाई होती, भागाबाई. संडास साफ करायला ती मागच्या बोळातून यायची. डोक्यावर डबा, हातात झाडू. काम झालं की बोळाच्या दाराशी उभी राहायची आणि हाक मारायची, "पानी टाका वं, माय." कुणाला सवड असली तर ती लांबून तिच्या हातांवर पाणी ओतायची. सवड नसली तर भागाबाई तशीच निघून जायची. मी अंगणातून तिची हाक ऐकायची. माझ्यात पाणी असायचं, पण माझ्यापर्यंत यायची तिला मुभा नव्हती.

एके दिवशी, १९२९ च्या पावसाळ्यात, भागाबाई नेहमीची हाक न मारता दारातूनच म्हणाली, "अक्का शे का घरमा? संडासनं पानी विहीरकडे जास. तठला दगड बारामही ओला ऱ्हास. मी रोज दखस."

चाळीची अक्का, धुरपदाबाई, नेमकी घरात नव्हती. झुंबरबाई धुणं धूत होती. ती म्हणाली, "विहिरीचं आम्ही बघू. तू तुन्हं काम कर."

भागाबाई गेली. झुंबरबाईने धुणं पिळलं आणि हे बोलणं ती विसरूनही गेली असावी. धुरपदाबाईपर्यंत ते तेव्हा पोचलं नाही.

१९३१ च्या उन्हाळ्यात तलाव आटला. मला जेमतेम पाव तास पाणी यायचं. सगळी चाळ विहिरीवर आली. वैशाखात पटकीची साथ सुरू झाली. पहिल्या खोलीतला म्हातारा आजारी पडला, मग शेजारची बाई. ती दोघं वाचली. ठगी वाचली नाही. सकाळी माझ्याकडे येऊन गेली होती, दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दिवे लागायच्या आत सगळं संपलं. ती चार वर्षांची होती. झुंबरबाई तिला सारखं पाणी पाजत होती. पोरगी मागत होती आणि ती विहिरीचं ताजं पाणी काढून देत होती.

म्युनिसिपालटीचा माणूस येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेला. आठ-दहा दिवसांनी पाण्याचा लाल रंग गेला आणि बाया पुन्हा दोर घेऊन विहिरीवर गेल्या. दुसरं करणार काय?

धुरपदाबाईला चैन नव्हतं. म्हातारा पहिल्या खोलीतला, ठगी चौथीतली, दोघांचं जेवण वेगळं, येणं-जाणं वेगळं. एक होतं ते पाणी. ती विहिरीभोवती फिरायची, वाकून बघायची. एका सकाळी तिने बोळाच्या दारात भागाबाईलाच गाठलं.

"तू रोज इथं येतेस. तुला काय दिसतं?"

भागाबाईने मान खाली घातली. "मी सांगेल व्हतं अक्का. दोन वरीस झाले."

"कोणाला?"

भागाबाईने नाव घेतलं नाही. "आते त्यानं काय," म्हणाली आणि गटाराजवळचा तो ओला दगड दाखवला.

धुरपदाबाईने सगळ्यांना अंगणात बोलावलं. म्हणाली, विहीर बंद करू या. लगेच कालवा झाला. पाव तासाच्या नळावर सहा बिऱ्हाडं कशी भागवणार? आणि संडास कुठे, विहीर कुठे, मध्ये वीस हात जमीन आहे. एका बाईने तर स्पष्टच विचारलं, "त्या भागाबाईच्या सांगण्यावरून गोड पाण्याची विहीर बुजवायची?"

झुलाल ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. पोरगी गेल्यापासून तो चाळीत कुणाशी बोलला नव्हता. तो म्हणाला, "अक्का, गिरणीत जमिनीखालचा पाइप कुठं फुटला ते समजत नाही, तेव्हा आम्ही पाण्यात रंग टाकतो. रंग जिथं निघेल तिथं फूट."

दुसऱ्या दिवशी त्याने रंगखात्यातून निळ्या रंगाची पुडी आणली. सकाळी सगळ्यांच्या देखत संडासाच्या गटारात ओतली आणि वर चार बादल्या पाणी टाकलं. त्या दिवशी काही झालं नाही. लोक म्हणाले, बघा, उगीच. झुलाल कामावर गेला नाही. विहिरीच्या काठावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने बादली सोडली, वर ओढली आणि फरशीवर ठेवली.

पाणी निळं होतं. गडद नाही, धुतलेल्या धोतराला नीळ दिल्यावर उरतं तेवढंच. पण निळं.

 झुंबरबाई बादलीपाशी आली, तिने आत हात घातला, ओंजळभर पाणी वर घेतलं आणि बघत राहिली.  "मीच पाजं तिले," ती म्हणाली. "अक्का, मीच पाजं."

धुरपदाबाईने तिला जवळ घेतलं. बोळाच्या दारात भागाबाई उभी होती. झुंबरबाईने मान वर केली, तिची आणि भागाबाईची नजरानजर झाली आणि झुंबरबाईने तोंड फिरवलं. त्यानंतर पुष्कळ वर्षं तिने भागाबाईकडे पाहिलं नाही. तिच्या वाटेलाही गेली नाही. बाकीच्यांना वाटलं, सोवळं. मला तसं वाटलं नाही, कारण १९२९ च्या पावसाळ्यातलं ते बोलणं मी ऐकलं होतं.

भाईदासला बातमी लागली. तो आला आणि म्हणाला, "आता तरी ऐका. पटकीची चाळ म्हणून नाव झालंय. विका." धुरपदाबाई म्हणाली, "विकलं तर नवा मालक विहीर उघडी ठेवेल."

मग तिने कामं काढली. विहिरीवर दगडी फरश्या टाकून चुन्याने सांधे भरले. नवऱ्याने खणलेली विहीर. शेवटची फरशी सरकवताना तिने गवंड्याला थांबवलं, आत वाकून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "टाक." संडास तिथून हलवून बोळाच्या टोकाला नेले, त्यांना पक्कं गटार केलं. आणि अंगणात उंच ओट्यावर मोठा हौद बांधायचं ठरवलं, म्हणजे सकाळचं पाणी साठेल आणि दिवसभर पुरेल.

हौदाच्या आणि मोठ्या पाइपाच्या परवानगीसाठी ती कचेरीत गेली. परत आल्यावर झुलालला सांगत होती ते मी ऐकलं. कारकून म्हणाला, यजमानांना पाठवा. ती म्हणाली, "ते जाऊन तेरा वर्षं झाली. तुम्ही बोलवून आणता का?" चार खेपा घालून तिने परवानगी आणली.

झुलालने रविवारी पाइप जोडले. हौदाला तीन नव्या, चकचकीत तोट्या लागल्या. मला अंगणातून काढलं तेव्हा मला वाटलं, आता मोडीत. पण धुरपदाबाईने मला राखेने घासलं, पोटात चकतीच्या जागी नवं वायसर घातलं आणि झुलालच्या हातात दिलं. "ही मागच्या बोळात लाव. भागाबाईसाठी."

झुलालने विचारलं, "हौदाच्याच पाण्यावर?"

"मंग काय नवा तलाव खणू?"

याच गोष्टीवर चाळ पेटली. एकाच हौदाचं पाणी आम्ही प्यायचं आणि तीही त्याच नळाला हात लावणार? दोन बिऱ्हाडं सामान बांधायला लागली. धुरपदाबाई हौदाच्या ओट्यावर उभी राहिली. आता ती पुरती अहिराणीत आली होती.

"पानी हौदातून तोटीकडे जास. तोटीतून हौदात चढत नही. इतलं तरी समजा. बठ्ठी घान ती काढस, आन् हात धुवाले तिनी कोनाजोडे मांगानं? तिनी सांगेल ते आयकं असतं तर एक पोर वाचती."

झुंबरबाई त्या गर्दीत होती. ती उठून घरात गेली.

दोन्ही बिऱ्हाडं गेली. त्या खोल्या वर्षभर रिकाम्या राहिल्या. धुरपदाबाईने मला काढलं नाही.

पहिल्या दिवशी भागाबाई माझ्यासमोर आली तेव्हा तिला मला उघडता येईना. कुठल्या बाजूने फिरवायचं तेच ठाऊक नव्हतं. धुरपदाबाईने लांबून हात फिरवून दाखवलं. भागाबाईने माझा कान पिळला, धार आली आणि ती दचकून मागे सरली. मग परत आली. कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले, तोंड धुतलं. पुष्कळ वेळ धुतलं. मला बंद करताना तिने इतकं हळू फिरवलं, की मी शेवटी जराशी ठिबकतच राहिले.

त्यानंतर चौदा वर्षं गेली. चाळीत विजेचे दिवे आले. पत्रे जाऊन कौलं आली. मी मागे असल्याने हे सगळं माझ्या नुसतं कानावर आलं. रिकाम्या खोल्यांत नवी माणसं आली, त्यांना जुनी भांडणं माहीत नव्हती. पण माझ्याकडे चाळीतलं कुणी येत नसे. अंगणात पाणी संपलं तरी नाही. मी 'संडासाकडची तोटी'. झुंबरबाई तर बोळाच्या दारापर्यंतही येत नसे.

१९४६ च्या थंडीत धुरपदाबाई गेली. आदल्या महिन्यापर्यंत माझं वायसर तीच बदलत होती. हात कापायचे, पण पाना सोडायची नाही.

आता घर भाईदासकडे आलं. तो सत्तरीला टेकलेला. त्याने चाळीची डागडुजी काढली आणि पहिल्याच दिवशी नळवाल्याला घेऊन बोळात आला. "ही काढून टाक आणि पाइपाचं तोंड बुजव," म्हणाला. "वहिनीच्या हट्टामुळे चांगली बिऱ्हाडं येत नाहीत इथे."

नळवाल्याने पाना लावला. भागाबाई झाडू घेऊन पलीकडे उभी होती. केस पांढरे झालेले. ती काही बोलली नाही. बोलून काय होतं, ते तिला एकदा कळलं होतं.

तेवढ्यात बोळाचं दार उघडलं. झुंबरबाई कळशी घेऊन बाहेर आली. पितळेची, चिंचेने घासलेली, प्यायच्या पाण्याची कळशी. मागे चाळीतल्या दोन-तीन बाया डोकावत होत्या. ती सरळ माझ्यापाशी आली, नळवाल्याला म्हणाली, "सरक भाऊ," कळशी माझ्याखाली ठेवली आणि मला उघडलं.

कळशी भरेपर्यंत कुणी हललं नाही. ती भरली तशी झुंबरबाईने ओंजळ धरून तिथेच पाणी प्यायलं. मग भाईदासकडे वळली.

"हाई पानी आम्ही पितस, नाना. आते काढा."

भाईदासने तिच्याकडे पाहिलं, दारातल्या बायांकडे पाहिलं. नळवाला पाना पिशवीत टाकत होता. "राहू द्या मग," भाईदास म्हणाला आणि छत्री टेकत निघून गेला.

झुंबरबाईने मला बंद केलं नाही. ती बाजूला सरली. "धुय हात," ती भागाबाईला म्हणाली. आणि मग, "तू सांगेल व्हतं. मी आयकं नही."

भागाबाई पुढे आली. हात धुता धुता म्हणाली, "तुन्ही पोर मन्हा हातवर पानी टाके. लोटाभर. तू कामात ऱ्हायेस तवय, चोरीचोरी."

हे मलाही माहीत नव्हतं. मी तेव्हा पुढच्या अंगणात होते.

झुंबरबाई कळशी उचलायला वाकली आणि तशीच बसून राहिली. भागाबाईही समोरच्या दगडावर बसली. दोघींमध्ये मी वाहत होते. पाणी वाया जात होतं, पण त्या दिवशी मला कुणी बंद केलं नाही.

हे १९४७ साल आहे. माझे आटे झिजले आहेत, कितीही वायसरं बदलली तरी ठिबकणं थांबत नाही. झुलालने बाजारातून नवी तोटी आणून ठेवली आहे. येत्या रविवारी तो मला काढेल. माझी तक्रार नाही. अडतीस वर्षं पाणी दिलं, पुरे झालं. एवढंच मागणं आहे, की नवी तोटी याच भिंतीत, याच उंचीवर लावा. भागाबाईला आता वाकवत नाही.